हास्यभाषण आणि इव्हॅल्युएशन स्पर्धा: पहिल्यांदा उतरताना कशात उतरावं?

खाडीकाठचा (रत्नागिरी)

नमस्कार मंडळी. आमच्याकडे टोस्टमास्टर्सचा, म्हणजे भाषणाचा सराव करायचा, क्लब सुरू झालाय, त्यात मी यंदा दाखल झालो. मिरकरवाड्याजवळ बोटींच्या इंजिनांचे पार्ट विकणाऱ्या दुकानात मी काउंटरवर असतो. दिवसभर तांडेल, खलाशी, मेकॅनिक यांच्याशी बोलणं चालूच, त्यामुळे माणसांसमोर बोलायची भीती नाही. क्लबात भाषणंही केली, लोक हसले, टाळ्या पडल्या.

आता गणपतीच्या आधी क्लबची स्पर्धा आहे. एकाच दिवशी दोन प्रकार, एक हास्यभाषण आणि दुसरा इव्हॅल्युएशन, म्हणजे कुणाचं तरी भाषण ऐकून त्याचं मूल्यमापन करायचं. मित्र म्हणतात तू गमत्या आहेस, हास्यभाषणातच उतर. आमच्या अध्यक्ष मॅडम म्हणतात इव्हॅल्युएशन कर, जास्त शिकशील. दोन्हींत भाग घेता येतो असंही कळलं, पण तयारीला वेळ थोडा आहे. दुकान रात्री आठला बंद होतं.

ज्यांनी या स्पर्धा केल्यात किंवा जज म्हणून बसलेत त्यांनी सांगा, नेमकं काय बघतात? हशा किती मिळाला यावर नंबर ठरतो का? आणि बोलीभाषा चालते का? आमच्या घरी संगमेश्वरी बोलतात, माझे विनोद तिच्यातच सुचतात. आमची सभा जिथे भरते त्या हॉलला वर पत्रे आहेत. पाऊस लागला की शेजारच्याचं ऐकू येत नाही, हेही आहेच.


राजापूरची वाट

मी बऱ्याच स्पर्धांना टायमर म्हणून बसलोय, म्हणून वेळेचं सांगतो. बाकीचं जाणकार सांगतील.

हास्यभाषण 5 ते 7 मिनिटांचं. पाचाला हिरवा दिवा, सहाला पिवळा, सातला लाल. पुढेमागे तीस सेकंदांची सवलत, म्हणजे साडेचार मिनिटांच्या आत संपलं तरी बाद आणि साडेसातच्या वर गेलं तरी बाद. लाल लागल्यावर पुढे कसलीच खूण मिळत नाही, लाल तसाच राहतो. इव्हॅल्युएशनला 2 मिनिटांना हिरवा, अडीचला पिवळा, 3 ला लाल. तिथे दीड ते साडेतीन मिनिटांच्या मध्ये संपायला हवं.

घड्याळ कधी सुरू होतं हे नवीन लोकांना ठाऊक नसतं. नाव पुकारल्यावर नाही, तुम्ही मंचावर पोचल्यावरही नाही. तुमचा पहिला शब्द किंवा पहिली स्पष्ट खूण झाली की सुरू. म्हणजे मंचावर येऊन आधी डोक्याला हात लावून उभं राहायचं, हा अभिनय भाषणाचाच भाग असेल तर घड्याळ तिथूनच चाललं. आणि जज वेळ बघत नाहीत. त्यांनी तुम्हाला पहिला नंबर दिलेला असतो आणि इकडे आमच्या कागदावर 7:34 लिहिलेलं असतं. फार वाईट वाटतं अशा वेळी, पण नियम आहे.


भाट्येकाठ

अरे, विचारलंस ते बरं केलंस. माझं मत आधी सांगते. दोन्हींत उतर, पण तयारी इव्हॅल्युएशनची आधी कर.

मी बँकेत होते, दादरला, तेव्हा टोस्टमास्टर्समध्ये आले. नोकरी संपल्यावर भाट्याला परत आले नि आता घरच्या आंबाकाजूचं बघते, पण स्पर्धांना जज म्हणून अजून बोलावतात नि मी आवडीनं जाते. तेव्हा जे लिहिते ते समोर बसून पाहिलेलं.

आपण सगळे 1 ऑगस्टच्या भाषणांवर वाढलो. टिळक रत्नागिरीत जन्मले, 23 जुलै 1856 ला, म्हणून त्यांची पुण्यतिथी आपल्याकडच्या शाळांत जोरात साजरी होते. पोरं घोकून येतात, ‘अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो’ म्हणतात, शेंगांच्या टरफलांची गोष्ट सांगतात नि खाली बसतात. मग नंबर जाहीर होतात. पण तिसऱ्या नंबराच्या मुलीला तिसराच का मिळाला, पहिल्यासाठी काय करायला हवं होतं, हे तिला कुणी सांगतं का? माझ्या शाळेत तरी कधी कुणी सांगितलं नाही. राल्फ स्मेडली नावाच्या माणसानं 22 ऑक्टोबर 1924 ला कॅलिफोर्नियातल्या सांता आना गावी वायएमसीएच्या इमारतीत ही टोस्टमास्टर्सची सभा सुरू केली. तिथली मला सगळ्यांत मोलाची वाटणारी रीत हीच, की बोलणाऱ्याला त्याच बैठकीत, सगळ्यांसमोर, काय जमलं नि काय सुधारायचं ते सांगायचं. इव्हॅल्युएशन स्पर्धा म्हणजे या सांगण्याचीच स्पर्धा.

आपल्या कोकणात हे फार कठीण जातं. सभागृहात आपण म्हणतो, “छान झालं हो.” नि बाहेर स्कूटरला किक मारताना शेजारच्याला खरं ते सांगतो. ज्याला ते कळायला हवं तो बिचारा आत खुर्च्या उचलत असतो. मला याचं मनापासून वाईट वाटतं. किती चांगली बोलणारी माणसं आहेत आपल्याकडे, पण तोंडावर नीट, प्रेमानं नि नेमकं सांगणारं कुणी भेटलं नाही म्हणून ती आहेत तिथेच राहिली.

आता स्पर्धा कशी चालते ते ऐक. एक टेस्ट स्पीकर येतो. तो स्पर्धक नसतो. त्याची ओळख म्हणजे फक्त नाव नि भाषणाचं शीर्षक, बाकी काही सांगत नाहीत. तो पाच ते सात मिनिटं बोलतो, तुम्ही सगळे स्पर्धक लिहून घेता. तो संपला की तुम्हाला बाहेरच्या खोलीत नेतात. तिथे तयारीला 5 मिनिटं. पाच झाली की सार्जंट ॲट आर्म्स, म्हणजे सभेची व्यवस्था बघणारा, कागद गोळा करतो. पहिल्याला आत बोलावतात, बाकीचे बाहेरच थांबतात. आपली पाळी आली की आपला कागद हातात. म्हणजे शेवटचा नंबर आला तर जास्त वेळ मिळतो असं नाही, कागद हातातच नसतो.

गुण असे: विश्लेषणाला 40, सूचनांना 30, मांडणीच्या पद्धतीला 15, समारोपाला 15. बघ, शंभरातले सत्तर पहिल्या दोघांतच संपले. नि नवीन स्पर्धक काय करतो? दोन मिनिटं स्तुती, मग घाईघाईत “थोडा आय कॉन्टॅक्ट वाढवा” नि धन्यवाद.

एका स्पर्धेतलं सांगते. टेस्ट स्पीकरनं हातखंब्याच्या तिठ्यावर एसटीची वाट बघण्याची गोष्ट सांगितली. कंडक्टर नि एक म्हातारी यांचा संवाद होता, लोक हसत होते. पहिले स्पर्धक म्हणाले, आवाजात चढउतार छान होते, देहबोली चांगली होती. हे कुठल्याही भाषणाला लावता येईल. मग एक मुलगी आली. ती म्हणाली, “कंडक्टर बोलला तेव्हा तुम्ही डावीकडे वळलात. म्हातारी बोलली तेव्हाही डावीकडेच. मी तिसऱ्या रांगेत होते, दोनदा माझा गोंधळ झाला की आता कोण बोलतंय. कंडक्टर उंच, पायरीवर उभा, तेव्हा त्याचं बोलताना नजर खाली उजवीकडे टाका. म्हातारीचं बोलताना मान वर करून डावीकडे. आवाज बदलायचीही गरज पडणार नाही.” नि तिनं ते करून दाखवलं, दोन पावलांत. सगळं सभागृह ते बघून आपोआप मान हलवायला लागलं. टेस्ट स्पीकर स्वतः वहीत लिहून घेत होता. इव्हॅल्युएशन म्हणजे हे. काय पाहिलं, माझ्यावर काय परिणाम झाला, उद्या काय करशील. तिन्ही एकाच दमात.

कागदाचं एक सांगते. मी स्वतः कागदाला दोन घड्या घालून तीन उभे रकाने करते. पहिल्यात बोलणाऱ्याचे शब्द, जसेच्या तसे. दुसऱ्यात त्यानं त्या वेळी काय केलं, हात, पाय, नजर. तिसऱ्यात लोकांनी काय केलं. तिसरा रकाना बहुतेक कुणी ठेवत नाही. पण कुठे हसले, कुठे खोकायला लागले, कुठे मोबाइल निघाले, हे लिहिलेलं असलं की पाच मिनिटांत तुला शोधत बसावं लागत नाही. जिथे मोबाइल निघाले तिथेच तुझी सूचना आहे. दोन सूचना बास. तीन मिनिटांत पाच सूचना दिल्यास तर ऐकणारा एकही घरी नेणार नाही.

आता हा तिसरा रकाना भरायची सवय लागली की हास्यभाषण तुझं तुलाच सुधारता येतं. म्हणून म्हटलं, तयारी याची आधी.

हशावर नंबर ठरतो का, हा तुझा प्रश्न. नाही. हास्यभाषणाच्या गुणपत्रिकेत श्रोत्यांच्या प्रतिसादाला 15 गुण असतात. रचनेलाही 15, भाषणातून हाती काय लागलं त्याला 15, परिणामाला 10. मग हावभाव, आवाज नि वावर यांना दहादहा, भाषेच्या औचित्याला 10, शुद्धतेला 5. तेव्हा एकामागून एक चुटके सांगून छप्पर उडवलंस तरी उरलेल्या पंच्याऐंशीचं काय? नियमातच आहे की भाषणाला सुरुवात, मध्य, शेवट नि एक विषय हवा. नुसत्या चुटक्यांची माळ चालत नाही. नि मजकूर स्वतःचा हवा. दुसऱ्याचं पाव हिश्श्यापेक्षा जास्त नको नि जे घेतलंस ते कुणाचं ते सांगायचं. व्हॉट्सॲपवरचे विनोद तर आणूच नकोस, पहिल्या रांगेतल्या सगळ्यांनी ते सकाळीच वाचलेले असतात.

विषय काय घेतोयस ते कळव, मग पुढचं बोलू.


खाडीकाठचा

काकू, इतकं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. तीन रकाने आजच वहीत आखले.

विषय गणपतीत घरी येणाऱ्या चाकरमान्यांचा घेतलाय. आमच्या घरी चतुर्थीला बावीस माणसं असतात. सुरुवात अशी लिहिलीय:

“उपस्थित मान्यवर आणि माझ्या टोस्टमास्टर मित्रांनो. गणपती म्हटलं की कोकणी माणसाच्या अंगात उत्साह संचारतो. मुंबईहून चाकरमानी येतात. कुणी रेल्वेनं, कुणी एसटीनं, कुणी स्वतःच्या गाडीनं. मग महामार्गावरचे खड्डे आले. ते सोसून माणूस घरी पोचतो. घरात बावीस माणसं आणि न्हाणीघर एकच. माझी आजी पहाटे चारपासून न्हाणीच्या दारात खुर्ची टाकून बसते. कुणी कधी आंघोळीला जायचं ते तीच ठरवते. मुंबईकरांचा नंबर शेवटी असतो, कारण त्यांना रांगेत उभं राहण्याची सवय असते.”

पुढे खड्ड्यांवर दोन किस्से आहेत, मग सेल्फीवाल्या वहिनीचा, मग माझ्या काकांच्या घोरण्याचा. मोजून सात मिनिटं होतात.


भाट्येकाठ

तुझी आजी न्हाणीच्या दारात खुर्ची टाकून बसलीय हे तू सातव्या-आठव्या वाक्यात सांगतोस. अरे, तेच तुझं भाषण आहे! खड्डे काढून टाक, सेल्फी काढून टाक, काकांचं घोरणं काढून टाक. खड्ड्यांवर त्या दिवशी आणखी कुणीतरी बोलणारच. पण खुर्ची टाकून बसलेली आजी फक्त तुझ्याकडे आहे.

आता तिच्याकडे नीट बघ. तिला काय हवंय? सूर्य वर यायच्या आत, पुजेच्या वेळेपर्यंत, बावीस माणसं आंघोळ करून तयार. आड काय येतंय? चुलीवरचा हंडा एक, पाणी तापायला वेळ, कुणीतरी आत जाऊन बसलंय नि गाणी म्हणतंय, कुणाला तरी गरम पाणी दोन बादल्या लागतंय. मग ती काय करते? तांब्या मोजून देते का? दाराची कडी वाजवते का? हातात काठी असते का? पहिला नंबर कुणाचा, पुजेला बसणाऱ्याचा असणार. दुसरा? ज्या बाईला मोदक वळायला बसायचंय तिचा की जावयाचा? इथे आजीचा न्याय दिसतो. नि शेवटी एक वेळ अशी येऊ दे की तिची व्यवस्था कोलमडते. तीन पायऱ्या चढवत ने, चौथीला मोडू दे. मोडल्यावर आजी काय करते तो तुझा शेवट. खरं जे घडलं तेच लिही, तुझ्या घरात घडलेलं असणारच.

म्हणजे सुरुवात सरळ करायची. “उपस्थित मान्यवर” नको, “उत्साह संचारतो” नको. “चतुर्थीची पहाट. घरात माणसं बावीस. न्हाणीघर एक.” नि गप्प उभा राहा. लोक स्वतःच हिशेब करतील नि हसतील.

आता तुझं सगळ्यांत चांगलं वाक्य बघ. “मुंबईकरांचा नंबर शेवटी असतो, कारण त्यांना रांगेत उभं राहण्याची सवय असते.” विनोद ‘रांगेत’ या शब्दात आहे नि तू त्याच्यावर ‘उभं राहण्याची सवय असते’ हे सगळं ओझं टाकलंस. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे हा घोळ आपल्याकडे फार होतो. लोक ‘रांगेत’ला हसायला तोंड उघडतात नि तू अजून बोलतोयस, मग ते शिष्टाचार म्हणून तोंड मिटतात. तो हशा गेला. असं म्हणून बघ: “मुंबईकर शेवटी. का? त्यांना सवय आहे रांगेची.” बोलताना आपण असं उलटं बोलतोच, लिहिताना मात्र शाळेतलं वाक्य लिहितो. सगळं भाषण मोठ्यानं वाचून प्रत्येक विनोदी वाक्याचा शेवटचा शब्द तपास.

सात मिनिटं होतात म्हणालास. एकट्यानं खोलीत म्हणताना ना? मग स्पर्धेत ते साडेआठ होईल. हशा वेळ खातो. लोक हसत असताना बोलत राहिलास तर पुढचं वाक्य वाया जातं, थांबलास तर घड्याळ पळतं. मिनिटाला साधारण शंभर-एकशेदहा शब्द धर नि साडेपाच मिनिटांचंच लिही. म्हणजे सहाशे शब्दांच्या आत. नि एक किस्सा असा ठेव की पिवळा दिवा लवकर लागला तर तो काढला तरी भाषण फाटणार नाही.

पत्र्याच्या हॉलचं. पावसात दोन गोष्टी मरतात, हळू आवाज नि छोटी शांतता. तेव्हा जिथे तू कुजबुजणार होतास तिथे कुजबूज हातानं दाखव, कानाशी तळहात नेऊन, पण आवाज खाली आणू नकोस. नि वाक्यानंतर थांबशील तेव्हा अंग पूर्ण स्थिर ठेव, म्हणजे आवाज पत्र्यात बुडाला तरी लोकांना डोळ्यांनी कळतं की हा थांबलाय. हे मी आमच्याकडच्या नमन या लोकनाट्यातल्या जुन्या माणसांकडून शिकले. माइक नसताना, मोकळ्या मांडावर ते मागच्या बाईपर्यंत पोचत.

आणखी एक, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. चाकरमान्यांवर हसताना जपून. सभागृहात बसलेल्या प्रत्येकाचा भाऊ नाहीतर मुलगा डोंबिवलीला, विरारला आहे. तो वर्षभर लोकलला लोंबकळून, रजा साठवून, मिळेल त्या गाडीला उभ्यानं येतो, केवळ घरच्या गणपतीला. त्याच्या रांगेवर हसू, पण आजीनं त्याच्यासाठी शेवटचा हंडा जास्त कडक तापवून ठेवलेला असतो, असं काही तुझ्या घरात असेल तर तेही सांग. भाषणातून हाती काय लागलं त्याचे 15 गुण त्यात आहेत, नि गुण बाजूला ठेवले तरी ते सांगायलाच हवं.

बोलीचं. संगमेश्वरी जरूर आण, पण आजीच्या तोंडी. कथन प्रमाण मराठीत ठेव. म्हणजे आजी बोलली की कान टवकारतात, नि बाहेरून आलेल्या जजला एखादा शब्द नाही कळला तरी गोष्ट हातून सुटत नाही. पुढच्या एरिया पातळीला, म्हणजे जवळपासच्या क्लबांच्या एकत्र स्पर्धेला, कुठल्या भाषेत बोलायचं ते मात्र एरिया डायरेक्टरना आत्ताच विचारून ठेव.


गजालीकार (मालवण)

भाट्येकाठ ताई, सगळं पटलं, एक सोडून. औचित्याला 10 गुण म्हणालात. आमच्याकडे आजी नातवाला हाक मारते तीच शिवी घालून. आता मालवणीतनं गाळी काढल्यावर मालवणीत ऱ्हवला काय? मी हास्यभाषणात माझ्या आजोबांचं बोलणं जसंच्या तसं ठेवलं होतं, हॉल डोक्यावर घेतला लोकांनी, नंबर आला नाही. मला अजून वाटतं की भाषेवर अन्याय होतो.


भाट्येकाठ

गजालीकार, तुमचा राग मला समजतो, आणि तुमच्या आजोबांच्या तोंडी ती शिवी म्हणजे मायाच असणार यात मला शंका नाही. पण ती माया त्या शब्दात नसते, त्यांच्या सुरात असते, नि तो सूर ज्यानं लहानपणापासून ऐकलाय त्यालाच ती ऐकू येते. पुण्याहून आलेल्या जजला नुसता शब्द ऐकू येतो. नियम सांगतात की आक्षेपार्ह वाटेल असं काही टाळा, त्यामुळे त्याला तिथे पेन्सिल टेकवावीच लागते.

आणि गाळी काढल्या तर मालवणी उरत नाही हे मी मानणार नाही. तुमच्याच दशावताराकडे बघा ना. संवाद लिहिलेले नसतात, रात्रभर मंचावर उभ्याउभ्या रचत जायचे. समोर जत्रेला आलेल्या म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या बाया, मांडीवर पोरं. शंकासुर आला की सगळी हसून लोळतात. तो काय शिव्यांवर हसवतो? तो उलट विचारतो, मुद्दाम भलताच अर्थ काढतो, समोरच्याचं वाक्य पकडून त्यालाच परत करतो. मालवणी माणसाची खरी कमाई ही आहे, प्रश्नाला प्रश्नानं उत्तर देण्याची. “खय गेललस?” विचारलं तर “तुका कित्याक व्हया?” हे एवढं ठेवा आजोबांच्या तोंडी. तिथे एक शिवी यायची होती हे मालवणातल्या माणसाला आपोआप कळेल नि तो दुप्पट हसेल.

परत उतरा हो. तुमच्यासारख्यांनी सोडून दिलं तर या स्पर्धांत मालवणी ऐकू कशी येणार?


राजापूरची वाट

निकालाबद्दल थोडं, कारण “हॉल हसला तरी नंबर नाही” हे दरवेळी ऐकतो. जज एकमेकांशी बोलत नाहीत. दोन स्पर्धकांच्या मध्ये एक मिनिट शांतता असते, तेवढ्यात प्रत्येकानं आपापलं भरायचं. शेवटी प्रत्येक जज फक्त पहिला, दुसरा, तिसरा एवढंच लिहून देतो, त्याचे गुण कुणाला दाखवत नाहीत. पहिल्याला 3, दुसऱ्याला 2, तिसऱ्याला 1 असं बॅलट काउंटर मोजतात. बरोबरी झाली तरच टायब्रेकिंग जजचा कागद उघडतात. त्यामुळे दोन जजनी पहिला दिला आणि बाकीच्यांनी चौथा धरला, तर नंबर सहज निसटतो. थोड्या लोकांना फार आवडणं आणि सगळ्यांना बऱ्यापैकी आवडणं यात या पद्धतीत दुसऱ्याचा फायदा होतो. मूळ मजकूर कुणाचा यावरून तक्रार करायची असेल तर ती स्पर्धक किंवा जजच करू शकतात, आणि निकाल जाहीर व्हायच्या आत.


खाडीकाठचा

दोन्हींना नाव दिलं. आजीला विचारलं की व्यवस्था कधी मोडली होती का. म्हणाली, ज्या वर्षी जावई आत आणि कडी बाहेरून लागली त्या वर्षी. पूर्ण गोष्ट ऐकून घेतली, तेच लिहितोय. खड्डे गेले, सेल्फी गेली.

एकच शंका राहिली. आमचं शहर लहान, टेस्ट स्पीकर ओळखीचाच निघणार. समजा शेजारच्या क्लबातले ते सर आले, ज्यांची भाषणं मी आधी ऐकलीत, आणि ते दरवेळी जी चूक करतात तीच परत केली, तर “तुम्ही नेहमी असं करता” म्हणावं का? आणि ते माझ्या वडिलांच्या वयाचे आहेत, त्यांना सूचना कशी द्यायची?


भाट्येकाठ

नाही म्हणायचं. त्या खोलीत जे सहा-सात मिनिटं घडलं तेवढंच तुझं. ‘नेहमी’ म्हटलंस की ते भाषणाचं मूल्यमापन राहत नाही, माणसाचं होतं. शिवाय जजनी ती आधीची भाषणं ऐकलेली नसतात, त्यांना ते ताडून बघता येत नाही, मग विश्लेषणाला गुण कुठून देणार?

वयाचं म्हणशील तर ‘तुम्ही’ म्हण, सर म्हण, नजर त्यांच्याकडे ठेव. बोलताना अर्धं अंग त्यांच्याकडे, अर्धं सभेकडे. सूचना मात्र मऊ करू नकोस. “कदाचित, मला आपलं वाटतं, लहान तोंडी मोठा घास” हे काही नको, त्यात वीस सेकंद जातात नि सूचना पातळ होते. “सर, बोटीचा प्रसंग सांगताना तुम्ही टेबलामागे उभे होतात. मला तुमचे पाय दिसले नाहीत, त्यामुळे बोट हलताना जाणवली नाही. तो एक प्रसंग टेबलाच्या पुढे येऊन सांगा.” एवढं सरळ. मोठ्या माणसाला कामाचं सांगितलेलं आवडतं, दुकानात तांडेलाला “हा पार्ट नको, तो घ्या, हा महिन्यात जाईल” असं तू रोज सांगतोसच की. तोच स्वर.

नि समारोपाला नवीन काही आणू नकोस. दोन सूचना, एक ताकद, पुन्हा त्याच शब्दांत, वीस-पंचवीस सेकंदांत. पंधरा गुण आहेत त्याला नि लाल दिव्याच्या भीतीनं लोक ते टाकून देतात. अडीचचा पिवळा दिसला की जिथे असशील तिथून समारोपावर ये.

जावयाच्या कडीची गोष्ट लिहून झाली की इथेच टाक. या आठवड्यात काजूगराचं पॅकिंग चालू आहे, रात्री नऊनंतर वाचते नि कळवते. राजापूरकर, तुम्हाला जमलं तर त्याचं रेकॉर्डिंग ऐकून वेळ लावून द्या.